मराठी फाइल उघडली की अगम्य अक्षरं दिसतात: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

फाइल उघडली आणि मराठीच्या जागी भलतंच काही दिसलं, तर आधी एक करा: सेव्हचं बटण दाबू नका. बंद करताना 'बदल जतन करायचे का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. मग फाइलची एक प्रत काढा, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करा.

पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, वकिलांची ऑफिसं, सेवा केंद्रं आणि छापखाने अशा ठिकाणी मी हाच दोष वर्षानुवर्षं दुरुस्त करतो आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे ऑगस्ट उजाडला की अहवालाच्या फायली घेऊन फोन सुरू होतात. मागच्या वर्षीचा अहवाल छापखान्याकडून आलेला असतो, तो यंदा ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडायचा असतो आणि पडद्यावर एकही शब्द वाचता येत नाही. अशी फाइल बहुतेक वेळा पूर्णपणे परत मिळते. मिळत नाही ती घाईघाईनं चुकीच्या प्रकारात सेव्ह झालेली असते म्हणून. म्हणूनच सुरुवात सेव्ह न करण्यापासून केली.

लक्षणं

फोनवर एवढंच सांगितलं जातं, "मराठी गेलं." पण पडद्यावर नेमकं काय दिसतंय यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. म्हणून घाई न करता एक ओळ नीट पाहा.

इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम आणि मधूनमधून डोक्यावर टिंबं किंवा रेघा असलेली युरोपीय अक्षरं अशी खिचडी दिसते, पण शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि परिच्छेद मात्र जागच्या जागी आहेत. याचा अर्थ मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर नाही. मजकूर शाबूत आहे.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान इंग्रजी 'ए' आणि त्याच्या पाठोपाठ चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा येते. शब्द लांबलचक झालेले असतात, कारण एकेका मराठी अक्षरामागे तीन-तीन चिन्हं दिसतात. हे बहुतेक वेळा एक्सेलमध्ये, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) उघडल्यावर होतं. मजकूर इथेही शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्यानं, म्हणजे कोणत्या कोडचं कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या यादीनं, वाचला गेला आहे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत आहे, पण दाखवायला योग्य फॉन्ट नाही. सगळ्यात सोपं दुखणं हे.

सलग प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मात्र काळजी करा. इथे अक्षरं बहुधा फाइलमधूनच पुसली गेली आहेत.

अक्षरं मराठीच आहेत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आहे, जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसतात किंवा मात्रेखाली टिंबांचं वर्तुळ येतं. हा मजकुराचा नव्हे, तर त्या सॉफ्टवेअरचा दोष आहे.

शेवटचं लक्षण कुणी सांगत नाही, ते मलाच विचारावं लागतं. फाइल अगदी स्वच्छ दिसते, पण सभासदाचं नाव शोधलं की सापडत नाही. त्याबद्दल शेवटी सांगतो.

हे होतं कशामुळे

१९८०-९० च्या दशकांत कॉम्प्युटरवर एका फॉन्टात २५६ खण असायचे, आणि त्यातले बरेच इंग्रजी अक्षरांनी व्यापलेले. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, रफार, जोडाक्षरं हे सगळं त्यात बसवायचं म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीनं आपापली मांडणी केली. इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचा एखादा तुकडा ठेवायचा, असा तो प्रकार. एका फॉन्टात ज्या खणात 'म' आहे, त्याच खणात दुसऱ्या फॉन्टात रफार असू शकतो. आयएससीआयआय नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये आलं, पण छपाईच्या धंद्यात ज्यानं त्यानं आपापले फॉन्टच वापरले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यात देवनागरीला स्वतःचे १२८ खण मिळाले आणि 'म' हा जगात कुठेही 'म'च राहिला. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला तेव्हा ऑफिसच्या टेबलावर हे युनिकोड पोहोचलं. तरी छापखान्यांनी जुने फॉन्ट सोडले नाहीत, कारण त्यांच्याकडे सुंदर वळणांचे शेकडो फॉन्ट होते आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरला युनिकोड समजत नव्हतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ते आजही काही ठिकाणी चालू आहे.

म्हणजे तुमच्या संगणकात दोन पिढ्यांची मराठी एकत्र नांदते आहे. समोरची फाइल कोणत्या पिढीची, हे ओळखणं हेच अर्धं काम.

पहिली तपासणी: नोटपॅड

मजकुराच्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. नोटपॅडमध्ये मराठी दिसली तर मजकूर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट आहे, मग वर्डमध्ये तो कितीही छान दिसत असो. नोटपॅड फॉन्टची सजावट टाकून देतं आणि आत खरोखर काय साठवलं आहे ते दाखवतं, म्हणून ही कसोटी सगळ्यात आधी.

सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना वर्डमधली मराठी पेस्ट केली की इंग्रजी उमटते, ही तक्रारसुद्धा यातच उलगडते. पोर्टलला फक्त युनिकोड कळतं.

दुसरी: मोबाइल

तीच फाइल स्वतःच्याच नंबरवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फोनवर उघडा. सभासदांची नावं किंवा खाते क्रमांक असतील तर ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, स्वतःलाच पाठवा. आजच्या फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासून असतो. फोनवर नीट दिसलं तर फाइल चांगली आहे आणि दोष तुमच्या पीसीचा किंवा त्यातल्या सॉफ्टवेअरचा आहे. फोनवरही तीच खिचडी दिसली तर दोष फाइलच्या जातीतच आहे. एवढं कळलं की विंडोज पुन्हा टाकण्याचा वेळ आणि खर्च वाचतो. मराठी दिसत नाही म्हणून अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणलेली ऑफिसं मी पाहिली आहेत, आणि त्यानंतरही फाइल तशीच दिसत होती.

तिसरी: फॉन्टचं नाव वाचा

वर्डमध्ये बिघडलेल्या शब्दावर कर्सर ठेवा आणि होम पट्टीवर फॉन्टच्या चौकटीत काय लिहिलंय ते पाहा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. श्री-लिपीच्या घरातला 'श्री-देव', सी-डॅकच्या घरातले 'डीव्हीबी-टीटी सुरेख' किंवा 'योगेश', हिंदी पट्ट्यातून आलेला 'कृतिदेव', नाहीतर 'शिवाजी', 'किरण', 'आकृती', यांपैकी एखादं नाव सापडेल. ते नाव जसंच्या तसं, पुढच्या आकड्यासकट कागदावर लिहून घ्या. एका अक्षराचा किंवा आकड्याचा फरक असला तरी आतली मांडणी वेगळी असू शकते. पुढे फॉन्ट टाकायचा असो की मजकूर बदलायचा असो, हेच नाव लागणार आहे.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक घडते. माणूस कंट्रोल-ए दाबतो, सगळं निवडतो आणि फॉन्ट 'मंगल' करतो. त्यानं मजकूर युनिकोड होत नाही, कारण फॉन्ट बदलला तरी आतले कोड तेच राहतात. उलट नुकसान होतं: कोणता शब्द जुन्या मराठी फॉन्टात होता आणि कोणता खरोखरचा इंग्रजी होता, ही खूण पुसली जाते. अहवालात मधे 'पॅन', 'जीएसटी', ईमेलचा पत्ता असं काही इंग्रजीत असतं, ते नंतर मराठीतून वेगळं काढणं जिकिरीचं होतं. असं केलं असेल तर लगेच कंट्रोल-झेड दाबा, किंवा सेव्ह न करता बंद करा.

चौथी: चौकोन दिसत असतील तर फॉन्टचा जोड

विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' हा फॉन्ट विंडोजबरोबरच येतो, त्यामुळे नव्या मशीनवर रिकामे चौकोन सहसा दिसत नाहीत. मात्र विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट वेगळ्या जोडात गेले. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, तिथे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाचा जोड आहे, तो घ्या. पैसे लागत नाहीत, इंटरनेट मात्र हवं.

हा जोड नसला की दुसरंही एक दुखणं दिसतं. मंगलमध्ये केलेलं पत्र नव्या मशीनवर वाचता येतं, पण ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर जातं. लेटरहेडवर छापणाऱ्यांना हा त्रास फार होतो. प्रिंटरची काही चूक नसते.

आणखी एक छोटी गोष्ट: वर्डमध्ये मराठीचा फॉन्ट किंवा आकार बदलूनही बदलत नसेल, तर फॉन्टची पूर्ण चौकट उघडा. तिथे इंग्रजीसाठी एक खाना आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी दुसरा खाना आहे. मराठी दुसऱ्या खान्याचं ऐकते.

पाचवी: सीएसव्ही आणि एक्सेल

बँकेच्या किंवा एखाद्या पोर्टलच्या साइटवरून सभासदांची यादी सीएसव्हीमध्ये उतरवली, डबल क्लिक केलं आणि तिरपी रेघ असलेल्या 'ए'ची रांग दिसली. यात फाइल बिघडलेली नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटमध्ये लिहिलं जातं. फाइलच्या सुरुवातीला तशी खूण नसेल, तर एक्सेल तिला जुन्या पाश्चात्त्य तक्त्यानं वाचतं आणि प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह दाखवतं.

डबल क्लिक करू नका. रिकामं एक्सेल उघडा, 'डेटा' पट्टीवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'च्या यादीत '६५००१ युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. खालच्या नमुन्यात मराठी लगेच दिसायला लागते. तिथेच लोड करण्याची घाई करू नका. खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' प्रकारात बदलून घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक सांभाळतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. मराठी दुरुस्त झाल्याच्या आनंदात हा घोळ कुणाच्या लक्षात येत नाही आणि रक्कम जमा करायच्या दिवशी बँकेकडून यादी परत येते.

एक्सेल जुनं असेल तर दुसरा रस्ता. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा, 'सेव्ह अॅज' करताना एन्कोडिंगच्या खान्यात 'यूटीएफ-८ विथ बॉम' (बॉम म्हणजे तीच सुरुवातीची खूण) निवडा आणि नव्या नावानं जतन करा. आता डबल क्लिकही चालेल, पण खाते क्रमांकाचा धोका तसाच राहतो. लिबरऑफिस कॅल्क हे फुकट सॉफ्टवेअर असेल तर फारच सोपं: सीएसव्ही उघडतानाच ते कॅरॅक्टर सेट कोणता असं विचारतं.

उलट बाजूही सांभाळा. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यादीत दोन नावं जवळजवळ सारखी दिसतात. साधं 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' निवडलं की प्रत्येक मराठी अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं, आणि फाइल बंद केली की परतीचा रस्ता बंद. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्यायचा. तो एक्सेल २०१६ पासून आहे. प्रश्नचिन्हांच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

तिरप्या 'ए'ची रांग तशीच सेव्ह करून, वर्डमध्ये नेऊन पुन्हा सेव्ह केली असेल, तर ती उलटवणारी साधनं आहेत, पण निकाल अर्धवट मिळतो. 'झ', 'ए', पाय मोडण्याचं चिन्ह अशा काहींच्या शेवटच्या बाइटला त्या पाश्चात्त्य तक्त्यात दिसणारं चिन्हच नाही. कॉपी-पेस्टमध्ये ते गळून पडतात आणि परत आलेल्या मजकुरात नेमकी तीच अक्षरं गायब असतात. जोडाक्षरं तर सगळी पाय मोडण्याच्या चिन्हावरच उभी असतात. त्यापेक्षा मूळ फाइल पुन्हा उतरवा.

सहावी: जुना फॉन्ट टाकून पाहणं

फाइल फक्त वाचायची किंवा एकदा छापायची असेल, तर रूपांतराच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्या तपासणीत लिहून घेतलेला फॉन्ट मिळवा, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट ज्यानं फाइल पाठवली त्याच्याकडून किंवा मूळ सॉफ्टवेअरच्या सीडीतून घ्या. हे बरेचसे फॉन्ट विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा भाग असतात, म्हणून परवाना कुणाचा आहे ते विचारा. अनोळखी साइटवरून घेतलेला फॉन्ट जर ईएक्सई फाइल म्हणून आला, तर ती चालवू नका. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते.

जुन्या फॉन्टात टाइप करताना वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप बदलत असेल, तर तो वर्डचा ऑटोकरेक्ट. त्याच्या दृष्टीनं तुम्ही इंग्रजी टाइप करता आहात, म्हणून तो पहिलं अक्षर कॅपिटल करतो, आणि कॅपिटलच्या खणात मराठीचं वेगळंच अक्षर बसलेलं असतं. साधी अवतरणचिन्हं वळणदार करतानाही तोच प्रकार. ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन या खुणा काढून टाका. टायपिस्टला बोल लावण्याआधी हे तपासा.

सातवी: युनिकोडमध्ये रूपांतर

फाइल दरवर्षी लागणार असेल, त्यातून शोधायचं असेल किंवा ती पोर्टलवर चढवायची असेल, तर रूपांतराला पर्याय नाही. हे काम अवघड आहे ते बटण दाबण्यासाठी नाही, तर त्यानंतरच्या वाचनासाठी.

प्रत्येक फॉन्टच्या घराण्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. शक्यतो इंटरनेट न लागणारा घ्या. सभासदांची नावं, आधार क्रमांक, कर्जाच्या रकमा असलेला मजकूर कुणाच्याही संकेतस्थळावर पेस्ट करू नका. ती माहिती तुमच्याकडे विश्वासानं दिलेली आहे.

आधी एकच परिच्छेद बदलून पाहा. त्यात अवघड अक्षरं मुद्दाम घाला. मी हे वाक्य वापरतो: 'श्री. कृष्णा यांच्या दुसऱ्या कर्जाची स्थिती, उद्दिष्ट आणि ज्ञानेश्वर पतसंस्थेची बाकी रु. ५,४०० फक्त.' जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'स्थिती'मध्ये तर तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून जावं लागतं. रफाराचं नेमकं उलटं: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. या दोन उड्या चुकल्या की 'कर्ज'चं काहीतरी तिसरंच होतं. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'वर हमखास अडखळतात. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'तऱ्हा' हे शब्द शोधून पाहा. 'रु' आणि 'रू' यांचीही अदलाबदल होते.

एक्सेलची फाइल असेल तर फक्त नावा-पत्त्यांचे रकाने बदला, आकड्यांचे नाही. जुन्या फॉन्टात दिसणारा मराठी अंक आतून बहुधा इंग्रजीच अंक असतो, म्हणून बेरीज चालते. तो खरोखर देवनागरी झाला की एक्सेल त्याला मजकूर समजू शकतं आणि बेरीज चुकते. रूपांतरानंतर एका रकान्याची बेरीज मारून जुन्या फाइलशी ताडून पाहा.

मधल्या काळात कुणी फोनवर टाइप केलेली मराठी त्याच वर्ड फाइलमध्ये पेस्ट केली असेल, तर एकाच कागदावर जुना फॉन्ट आणि युनिकोड दोन्ही असतात. सगळी फाइल एकदम कन्व्हर्टरमधून काढू नका. परिच्छेद वेगळे करा, नोटपॅडची कसोटी प्रत्येकाला लावा.

आणि मग दोघांनी बसायचं: एकानं जुना छापील अहवाल हातात घेऊन मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून पाहायचं. एकट्यानं वाचलं की डोळा सवयीनं चुका भरून काढतो. नावं, रकमा आणि तारखा तरी अशाच वाचल्या पाहिजेत.

अक्षरं मोडलेली, किंवा दिसतात पण सापडत नाहीत

वेलांटी मागे गेलेली, जोडाक्षर तुटलेलं हा प्रकार फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये बॅनर, व्हिजिटिंग कार्ड करताना येतो. फोटोशॉपच्या प्रेफरन्समध्ये 'टाइप' विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन किंवा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' घ्या. पेजमेकरमध्ये उपाय नाही, तिथे युनिकोड नेऊ नका.

न सापडणाऱ्या नावांचं कारण असं. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो: साध्या 'र'ला पाय मोडून मधे न दिसणारं जोडचिन्ह टाकून, किंवा टिंबवाला 'ऱ' वापरून. दिसायला दोन्ही सारखे, आत वेगळे. 'ऍड.' आणि 'ॲड.' दिसायलाही थोडे वेगळे, पण घोळ तोच. 'बँक'सुद्धा एका कीबोर्डवर चंद्रबिंदूनं येते, दुसऱ्यावर अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देऊन. दोन कर्मचारी दोन कीबोर्ड वापरत असतील तर एकाच आडनावाच्या दोन जाती यादीत तयार होतात आणि व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं एक्सेलचं सूत्र) रिकामं परततं. यादीतून दोन्ही रूपं शोधून 'रिप्लेस ऑल'नं एकच रूप ठेवा आणि ऑफिसात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा हे ठरवा. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर उत्तम. नव्यानं शिकणाऱ्याला विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड सोपा जातो.

हे करू नका

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा' अशी एक बीटा खूण आहे. ती करा असा सल्ला सर्रास मिळतो. करू नका. ती सगळ्या मशीनला लागू होते आणि जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यानं भलतंच वागू लागतं. एका सीएसव्हीसाठी ऑफिसचा हिशेब धोक्यात घालायचं कारण नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

प्रश्नचिन्हं आहेत, आणि मेलमध्ये, पेन ड्राइव्हवर, छापखान्यात कुठेही जुनी प्रत नाही: थांबा. प्रश्नचिन्हातून अक्षर परत आणणारं कोणतंही साधन नाही, तसं सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. फाइल नुकतीच डिलीट झाली असेल किंवा तिच्यावर दुसरी लिहिली गेली असेल, तर त्या मशीनवर काहीही नवीन न टाकता ते बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. जितकं वापराल तितकी आशा कमी.

दोष हिशेबाच्या किंवा बँकिंगच्या सॉफ्टवेअरच्या आतल्या नावांमध्ये असेल, तर त्याच्या डेटा फाइलला हात लावू नका. तिथे बॅकअप घ्यायचा आणि ज्यांनी सॉफ्टवेअर दिलं त्यांनाच बोलवायचं. बाहेरून कन्व्हर्टर चालवला तर नाव सुधारेल आणि खात्याची जोडणी तुटेल.

जुनं मराठी सॉफ्टवेअर डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नसेल आणि डोंगल मेलं असेल, तर चोरीचं सॉफ्टवेअर शोधण्याऐवजी कंपनीशी बोला, किंवा ज्या छापखान्यात ते चालू आहे तिथून पीडीएफ काढून घ्या.

पीडीएफ दिसते नीट, पण त्यातून कॉपी केल्यावर कचरा येतो, अशावेळी चार पानं असतील तर गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. ते चित्रावरून अक्षरं ओळखतं आणि त्याला मराठी येते. त्यात कुणाची खाजगी माहिती नसली पाहिजे. दोनशे पानं असतील तर डीटीपी करणाऱ्याला आणि मुद्रितशोधकाला द्या, दोघांचे पैसे धरूनही ते स्वस्त पडतं.

ठराव वही, नोंदणीचे दस्त, कोर्टात दाखल होणारे कागद, लेखापरीक्षणाचे अहवाल यांचं रूपांतर केलं तरी ते फक्त सोयीची प्रत समजा. मूळ फाइल आणि सही-शिक्क्याचा कागद जपून ठेवा, आणि अंतिम मजकूर वकील किंवा लेखापरीक्षक यांच्या नजरेखालून जाऊ द्या.

माणूस बोलवलात तर त्याच्या हातात या गोष्टी द्या: हात न लावलेली मूळ फाइल, लिहून घेतलेलं फॉन्टचं नाव, फाइल मुळात कुणी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केली ते, नोटपॅडमध्ये आणि मोबाइलवर काय दिसलं ते, आणि त्याच मजकुराचं एक छापील पान. छापील पान मिळालं की ओळख पटवायला दहा मिनिटं पुरतात. ते नसेल तर अख्खा दिवस अंदाजात जातो आणि त्याचं बिल तुम्हालाच भरावं लागतं.